मोळीला लावलेला हात

सामान्य काळातील तेरावा रविवार
वाचने : २ राजे ४:८-११, १४-१६, रोम ६:३-४, ८-११, मत्तय १०:३७-४२



आजच्या शुभवर्तमानाची सुरुवात ऐकताना आपण जरा दचकतो. आईबापांपेक्षा आणि मुलाबाळांपेक्षा माझ्यावर अधिक प्रेम करा, आपापला क्रूस उचला, जीव गमावा म्हणजे तो तुम्हाला मिळेल, असे प्रभू येशू सांगतो. एवढ्या मोठ्या गोष्टी सांगून तो शेवटी थांबतो कुठे? तर गार पाण्याच्या एका पेल्यापाशी! एखाद्या साध्यासुध्या शिष्याला कोणी नुसते गार पाणी दिले तरी त्याचे प्रतिफळ बुडणार नाही, असे तो ठामपणे सांगतो.

पाणी गारच का म्हटले असेल? गार पाण्याला सरपणदेखील लागत नाही. म्हणजे गरिबातल्या गरिबालाही सबब सांगायला जागा नाही. क्रूस उचलण्याची भाषा करणाऱ्या माणसाने पाण्याचा पेला उचलला की नाही, हे प्रभू पाहतो.

पहिल्या वाचनातील शुनेमची बाई पाहा. अलीशा संदेष्टा येता-जाता तिच्या घरी जेवायला थांबत असे. ती नवऱ्याला म्हणाली की, ह्या देवमाणसासाठी आपण माडीवर एक लहानशी खोली बांधू. खोलीत काय काय ठेवायचे तेही तिने ठरवले : खाट, मेज, बसायला आसन आणि दिवा. ह्या बाईचे नाव बायबलने आपल्याला सांगितलेले नाही. तिने ठेवलेल्या चार वस्तूंची यादी मात्र जपून ठेवली आहे. दिव्याची आठवण ठेवणारी ती बाई कशी असेल, हे त्या एका दिव्यावरून आपल्याला कळते.

घाटापलीकडची आई

माणसाची ओळख लहान कृतीतून पटते, हे उत्तम लेखकांनाही ठाऊक असते. आपल्या मराठीतले सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही कादंबरी. आपल्यापैकी बहुतेकांनी ती शाळेत असताना वाचली आहे, काहींनी आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट पाहिला आहे. गुरुजींचे गाव पालगड आपल्याला तसे लांब नाही. पोलादपूरहून कशेडी घाट चढायचा, खेडच्या बाजूला उतरायचे आणि पुढे दापोली तालुक्यात शिरायचे. २४ डिसेंबर १८९९ रोजी तिथे जन्मलेल्या ह्या माणसाने १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना अवघ्या काही दिवसांत हे पुस्तक लिहिले. एका आश्रमात रोज रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री त्यात आहेत.

ह्या पुस्तकात लढाया नाहीत, राजे नाहीत, मोठे पराक्रम नाहीत. कर्जात बुडालेले एक घर आहे आणि त्या घरातली एक आजारी, कष्टाळू बाई आहे. ती थोर कशी, हे गुरुजी विशेषणे लावून सांगत बसत नाहीत. ती काय करते ते दाखवतात.

त्यातल्या एका रात्रीची गोष्ट आठवा. एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन चालली आहे. त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले जात होते, त्या समाजातली ती बाई. मोळी खाली पडली आहे आणि तिला ती एकटीने उचलून डोक्यावर घेता येत नाही. ज्याने कधी मोळी वाहिली आहे त्याला ठाऊक असते, मोळी डोक्यावर आली की कशीबशी वाहून नेता येते. खरी अडचण ती जमिनीवरून डोक्यावर चढवण्याची असते. तिथे दुसरा हात लागतो. पण तिला हात लावणार कोण? शिवाशिव होईल ना! अशा वेळी श्यामची आई आपल्या मुलाला सांगते की, जा आणि तिच्या डोक्यावर मोळी दे.

अर्ध्या मिनिटाचे काम! चुंबळ नीट बसली, मोळी डोक्यावर गेली, म्हातारी चालू लागली. परंतु त्या अर्ध्या मिनिटात आई कशी आहे हे आपल्याला पुरते कळते. पुढे कितीही पाने वाचली तरी हे चित्र पुसले जात नाही.

अशीच दुसरी आठवण अळणी भाजीची. आई भाजीत मीठ घालायला विसरली. वडिलांनी पहिला घास घेतला तेव्हाच त्यांना ते कळले. पण ते काही बोलले नाहीत. मुलांनीही बापाकडे पाहून भाजी खाल्ली. शेवटी आई स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला आपली चूक समजली. चुलीपुढे राबलेल्या बाईला ताटावर बसून बोल लावायचा नाही, एवढेच त्या बापाने केले. कर्जापायी खचलेला, व्यवहारात हरलेला हा माणूस आपल्या नजरेत एका अळणी घासाने मोठा होतो.

परदेशी कादंबऱ्यांतही हेच दिसते. फ्रान्सचे लेखक व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझराब्ल’ ह्या १८६२ सालच्या कादंबरीत नाताळच्या आदल्या रात्रीचा एक प्रसंग आहे. कोझेत नावाची लहान पोर अंधाऱ्या रानातून पाण्याची जड बादली ओढत चालली आहे. चार पावले चालते, थांबते, पुन्हा ओढते. इतक्यात मागून एक हात येतो आणि बादली हलकी होते. तो हात शिक्षा भोगून आलेल्या एका कैद्याचा, जाँ व्हालजाँचा असतो. जग त्याला कैदी म्हणून ओळखते. आपण मात्र त्या बादलीपाशी त्याला ओळखतो.

मोळी, बादली... आणि क्रूस. क्रुसाच्या वाटेवर पाचव्या स्थानापाशी आपण शिमोन कुरेनेकरापुढे थांबतो. शेतावरून येणारा हा वाटसरू, सैनिकांनी त्याला धरून बळेच क्रूस उचलायला लावला. त्याने आपण होऊन काही केले नाही. श्यामनेही आपण होऊन केले नाही, आईने सांगितले म्हणून केले. तरी हात लागला तो लागला. संत मार्क शिमोनची ओळख देताना त्याच्या दोन मुलांची नावे सांगतो : आलेक्सांद्र आणि रूफ. म्हणजे संत मार्कच्या वाचकांना ती मुले ओळखीची असावीत. बापाने एकदा नाइलाजाने उचललेले ओझे मुलांपर्यंत श्रद्धा होऊन पोहोचले असेल काय? आईबापांनी ह्यावर जरूर विचार करावा. आपण मुलांना कॅटेकिझमला पाठवतो हे चांगलेच आहे, पण आपण कोणाच्या ओझ्याला हात लावतो आणि कोणाच्या नाही, हाही धडा ती रोज आपल्याकडून शिकत असतात.

मोळीनंतरची आंघोळ

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण साने गुरुजी प्रामाणिक लेखक होते. त्यांनी पुढची गोष्ट लपवली नाही. मोळी देऊन घरी आल्यावर आंघोळ कर, असेही आईने श्यामला सांगितले होते. म्हातारीला मदत तर करायची, पण तिला शिवलो म्हणून अंग धुऊन मगच घरात वावरायचे.

शाळेत असताना आपण हे वाक्य ओलांडून पुढे गेलो. आज जरा थांबू या. त्या आईला नावे ठेवण्यासाठी नव्हे. तिने तिच्या काळात, तिच्या गावात, जेवढे पाऊल टाकता येईल तेवढे टाकले आणि तेही लोकांच्या देखत. पण त्या म्हातारीच्या बाजूने विचार करा. डोक्यावर मोळी चढली ह्याचे तिला बरे वाटले असेल. आणि ज्या मुलाने मोळी दिली तो आता घरी जाऊन माझ्यामुळे आंघोळ करणार, हेही तिला ठाऊक असेल. मदत मिळाली, मान मिळाला नाही.

आता घाटाच्या अलीकडे, आपल्या महाडला या. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव झाला. त्यानुसार १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केले. कागदावर! प्रत्यक्षात तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, अन्य धर्मांचे लोक पाणी भरत, पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर चालत गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. गार पाण्याची एक ओंजळ! त्याच दिवशी परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. आणि पुढे काय झाले? गावातल्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र घालून, मंत्र म्हणून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. तळ्याच्या हक्काचा निकाल मुंबई हायकोर्टात लागायला १९३७ साल उजाडले.

घाटाच्या पलीकडे श्यामची आंघोळ आणि अलीकडे तळ्याची आंघोळ. एकीकडे माया होती, दुसरीकडे द्वेष होता, हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण दोन्हीकडे धुऊन काढायचे होते ते एकच : दुसऱ्या माणसाचा स्पर्श.

प्रभूने काय केले?

आपल्या प्रभूपुढेही हाच प्रश्न आला होता. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी त्याच्यापुढे गुडघे टेकतो. प्रभू शब्दाने त्याला बरे करू शकला असता. इतरांना त्याने दुरूनही बरे केले आहे. इथे मात्र तो हात पुढे करतो आणि त्या माणसाला स्पर्श करतो. त्यानंतर अंग धुतल्याचा उल्लेख नाही. उलट, गोष्टीचा शेवट असा आहे की, बरा झालेला माणूस गावभर सांगत फिरला आणि प्रभूला उघडपणे गावात शिरता येईना, तो बाहेर एकांतात राहू लागला. म्हणजे रोगी गावात आला आणि प्रभू रोग्याच्या जागी गावाबाहेर गेला.

शोमरोनी बाईच्या विहिरीवरही तेच. ती स्वतःच आश्चर्य करते की, तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस? पाणी देणारा मोठा आणि घेणारा लहान, असे आपण समजतो. प्रभू घेणारा झाला. जिच्या भांड्याचा त्याच्या लोकांना विटाळ होता तिच्याकडे त्याने पाणी मागितले. ख्रिस्ती दया हिला म्हणतात. तिच्यानंतर आंघोळ नाही.

एका कपाची गोष्ट

मी हे तुम्हाला व्यासपीठावरून सांगतो आहे, म्हणून माझीही दोन पापे सांगायला हवीत.

काही वर्षांपूर्वी मी मोटारसायकलवरून कशेडी घाट उतरत होतो. तेव्हा बोगदा नव्हता. आता २०२३ साली गणपतीच्या तोंडावर बोगद्यातून गाड्या जाऊ लागल्या आणि वळणावरची माणसे दिसणेही कमी झाले. त्या दिवशी एका वळणावर एक म्हातारी मोळीशेजारी उभी होती. तिने हात केला. मी घड्याळाकडे पाहिले. मिस्साला उशीर होत होता. मी पुढे गेलो. त्या रविवारी शुभवर्तमान होते चांगल्या शोमरोन्याचे आणि प्रवचनात मी जखमी माणसाला टाळून गेलेल्या याजकावर बराच वेळ बोललो! दोन-तीन जणांनी नंतर येऊन प्रवचन आवडल्याचे सांगितले. ती म्हातारी मात्र अजून त्या वळणावर उभी आहे, निदान माझ्या डोळ्यांपुढे तरी.

दुसरे पाप त्याहून मोठे आहे. एका ख्रिस्ती कुटुंबात मी घराच्या आशीर्वादासाठी गेलो होतो. आशीर्वाद झाला, चहा आला. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही चहा दिला. घरची माणसे प्रेमळ होती, चहाबरोबर बिस्किटेही दिली. पण तिचा कप वेगळा होता. तो मोरीजवळच्या फळीवर पालथा ठेवलेला असे. तिने आपला कप आपण घेतला, चहा प्यायली, कप धुतला आणि पुन्हा फळीवर पालथा ठेवला. मी पाहिले. घरच्यांनी मला पाहताना पाहिले. आणि मी गप्प राहून माझा चहा संपवला. कुठले घर ते मी सांगणार नाही आणि कोणी तर्कही करू नये, कारण त्या दिवशी त्या घरात सर्वांत मोठा दोषी मीच होतो. हातात पवित्र पाणी घेऊन आलो होतो ना!

नंतर मला श्यामच्या वडिलांची आठवण झाली. तेही गप्प राहिले होते, मीही गप्प राहिलो. मग फरक काय? त्यांनी गप्प राहून दुसऱ्याची लाज राखली आणि त्याची किंमत स्वतःच्या जिभेने दिली. मी गप्प राहून माझी अडचण टाळली आणि त्याची किंमत त्या बाईने दिली. प्रत्येक मौन दया नसते. ते कोणाच्या अंगावर पडते ते पाहावे, म्हणजे ओळखता येते.

बंधूभगिनींनो, आपल्या धर्मग्रामात कोणी इथलेच आहेत, कोणी महाडच्या कारखान्यांत कामाला म्हणून वसईहून, गोव्याहून, केरळातून, मराठवाड्यातून आलेले आहेत. एकाच वेदीपुढे आपण उभे राहतो आणि एकच भाकर घेतो. पण मिस्सा संपल्यावर अंगणात कोणाचे घोळके कोणाबरोबर असतात? लग्नाची बोलणी करताना आपण बाप्तिस्म्याचा दाखला पाहून थांबतो, की त्यामागचे आडनावही चाचपतो? घरी कोणासाठी वेगळा कप आहे? आपण देणगी देतो, धान्य वाटतो, पूर आला की धावतो. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले आणि तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा माणसे माणसांसाठी कशी धावली ते आपण पाहिले आहे. मोळी उचलून देण्यात आपण मागे नाही. प्रश्न नंतरच्या आंघोळीचा आहे.

बी लहानच असते

निराश होण्याचे मात्र कारण नाही. श्यामच्या गोष्टीचा उरलेला भाग पुस्तकात नाही, तो गुरुजींच्या आयुष्यात आहे. ज्या मुलाने आईच्या सांगण्यावरून मोळी दिली, तो पुढे मोठा झाला. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्याने प्राणांतिक उपोषण आरंभले आणि मंदिराचे दरवाजे उघडण्याचे ठरल्यावरच ते सोडले. आईने जिथवर आणून सोडले तिथून मुलगा पुढे चालत गेला. आईचे पाऊल अर्धे होते, पण ते योग्य दिशेला होते. म्हणून मुलाला उरलेले अर्धे टाकता आले.

तेव्हा आपले आजचे पाऊल अर्धे आहे म्हणून ते टाकायचेच नाही असे करू नका. शिमोनने नाइलाजाने क्रूस उचलला तरी तो उचलला गेला. श्यामने सांगितल्यावरून मोळी दिली तरी म्हातारी घरी पोहोचली. मात्र तिथेच समाधान मानू नका. पुढचे अर्धे पाऊल आपल्या मुलांसाठी ठेवून देऊ नका, जमले तर ते आजच टाका.

मी काय केले तेही सांगतो. काही महिन्यांनी मी त्या घरी पुन्हा गेलो. चहा आला तेव्हा म्हटले, ‘‘वहिनी, आज मला त्या फळीवरच्या कपात चहा द्या.’’ क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग त्या माउलीने फळीवरचा कप काढला, आपल्या कपांत नेऊन ठेवला आणि म्हणाली, ‘‘फादर, आता ओळखून दाखवा त्यातला कुठला तो.’’ मला ओळखता आला नाही. त्या दिवशीच्या चहाइतका गोड चहा मी क्वचितच प्यायलो आहे.

ह्या आठवड्याच्या चिंतनासाठी

१. माझ्या घरात, दुकानात किंवा कामाच्या जागी कोणासाठी वेगळा कप, वेगळी जागा, वेगळा सूर आहे काय?
२. मी अलीकडे कधी गप्प राहिलो? माझ्या मौनाची किंमत कोणी दिली?
३. माझ्या मुलांनी माझी एकच लहान कृती आयुष्यभर लक्षात ठेवायची म्हटली, तर ती कोणती असावी असे मला वाटते?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू शोमरोनी बाईकडे पाणी मागितलेस आणि कुष्ठरोग्याला हात लावलास. ओझ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसापाशी थांबायला आम्हाला वेळ दे. ज्याला आम्ही मदतीचा हात देतो त्याच्या पंक्तीला बसण्याचे धैर्यही आम्हाला दे. आमच्या घरातील पालथे कप सुलटे कर आणि तुझ्या मेजावर आम्हा सर्वांना एकत्र बसव.

आमेन.